४४ महिन्यांचा हिशेब

«ताई, माझं वय ३२. बंगळुरूची सॉफ्टवेअरमधली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी फोंडा तालुक्यातल्या घरी परत आलो. पाच वर्षांपूर्वी बाबांचे गुडघे गेले आणि तेव्हापासून कुळागराकडे, म्हणजे आमच्या माड-पोफळींच्या बागेकडे, कोणी बघत नव्हतं. पाट बुजले होते. मी आल्यावर पाट मोकळे केले, शेणखत घातलं, दोन्ही उन्हाळे न चुकता पाणी सोडलं. पोफळींवर मिरीचे वेल चढवले, मेलेल्या पोफळींच्या जागी नवी रोपं लावली. आणि यंदा नारळ गेल्या वर्षीपेक्षाही कमी उतरला. मिरीला एक घोस नाही. बाबांना विचारलं तर ‘माडाक वेळ लागता रे’ एवढंच. माझ्याबरोबरचे लोक तिकडे टीम लीड झाले. भावोजी म्हणतात, जमीन बिल्डरला दे, व्हिला होतील. जुने माड तोडून ठेंगू जात लावावी असंही मनात येतं. बायको पणजीत नोकरी करते, घर तिच्या पगारावर चालतं. ती काही बोलत नाही, पण वीस तारखेनंतर घरात कोणीच फारसं बोलत नाही. सगळे म्हणतात धीर धर. किती धरायचा ते मात्र कोणी सांगत नाही. सोबत कुळागराचे फोटो पाठवतोय. — अधीर, फोंडा»

अरे, तू ताई म्हटलंस, म्हणून मीही अरे-तुरेच करते.

किती धरायचा, हे तू विचारलंस ते बरं केलंस. ‘धीर धर’ म्हणणाऱ्या माणसाने मुदत सांगितली पाहिजे, नाहीतर तो सल्ला नसून समजूत काढणं आहे. तुझ्या बाबतीत मुदत सांगता येते. बाबांनाही ती ठाऊक असणार, फक्त त्यांच्या पिढीला ती कधी आकड्यात मांडावी लागली नाही.

माडाच्या प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय, म्हणजे फुलोरा असतो. ती बाहेर येऊन उकलते तेव्हा आपल्या नजरेला पडते. पण तिची सुरुवात त्याच्या सुमारे ३२ महिने आधी, वर शेंड्याच्या गाभ्यात झालेली असते. पोय उकलल्यापासून नारळ पक्का व्हायला आणखी ११ ते १२ महिने जातात. बेरीज कर, ४४ महिने होतात. यंदा पाडेल्याने, म्हणजे नारळ पाडणाऱ्याने, जो नारळ खाली टाकला, तो माडाने आत धरला तेव्हा तू बंगळुरूला होतास, बाबा ओसरीवर बसून होते आणि पाटात पाणी नव्हतं. त्या कोरड्या उन्हाळ्यांचा हिशेब आता खाली उतरतोय. तू तो स्वतःच्या नावावर लिहून घेतलास आणि दोन वर्षं फुकट गेली असं मानून बसलास.

आता तुझी मुदत. तू येऊन २४ महिने झाले. ज्या पोयीची सुरुवातच तुझ्या खतपाण्यावर झाली, तिचे नारळ उतरायला अजून साधारण २० महिने आहेत. आत्ता शिगमो, म्हणजे फाल्गुनातला होळीचा सण, संपतोय. म्हणजे हा पावसाळा, पुढचा पावसाळा आणि त्यानंतरची दिवाळी. त्या दिवाळीच्या पाडणीला जे उतरेल, ते तुझं. त्याआधी जे उतरेल त्यात तुझा वाटा असेल, पण निकाल तुझा नसेल. तुझ्या जुन्या कामात संध्याकाळी केलेला बदल चुकला की बरोबर, ते सकाळी कळायचं. दहा वर्षं ती सवय लागलेल्या माणसाला वीस महिने म्हणजे काहीच घडत नाही असं वाटणारच, त्यात तुझा दोष काढण्यासारखं काही नाही.

पण वीस महिने डोळे मिटून बसायचं नाही. माड मधल्या काळातही सांगत असतो, फक्त ते टोपलीत दिसत नाही, शेंड्यात दिसतं. पहिली खूण म्हणजे गळ. तहानलेल्या माडाची बारकी फळं आवळ्याएवढी होऊन गळतात, पाणी लागलं की ती गळ आधी कमी होते. तळाला पडलेली बोंडं दर आठवड्याला झाडून एकत्र कर आणि बघ, गेल्या उन्हाळ्यापेक्षा कमी आहेत का. दुसरी खूण झावळ्यांची. चांगल्या माडाच्या शेंड्यात ३० ते ३५ हिरव्या झावळ्या असतात आणि वर्षाला बारा-एक नव्या येतात, म्हणजे महिन्याला एक झावळ आणि तिच्याबरोबर एक पोय. दुष्काळ काढलेल्या माडाचा शेंडा विरळ असतो, वीस-बावीसवर आलेला. तो भरायला लागला की समज, आत पोयी धरल्या जाताहेत. तिसरी खूण, नव्या उकललेल्या पोयीवर किती बोंडं आहेत ती.

यासाठी एक काम कर. रंगाचा डबा आण आणि सगळ्या माडांना नंबर घाल. एक वही कर, प्रत्येक माडाला एक पान. दर पाडणीला त्या माडाचे नारळ किती, शेंड्यात झावळ्या किती, घड किती, गळ किती, एवढंच लिही. पाडेली वर चढलेला असतो, त्यालाच खाली ओरडून आकडे सांगायला सांग, त्याला वरून सगळं दिसतं. दहा वर्षं संगणकावर नोंदी ठेवल्यास, इथे त्या ठेवल्या नाहीस याचं मला थोडं नवल वाटलं. ‘गेल्या वर्षीपेक्षाही कमी’ असं तू लिहिलंस, पण किती कमी, कुठल्या माडाला कमी, हे तुझ्या चार पानी पत्रात कुठेच नाही.

जुने माड तोडायचा विचार त्या वहीला तीन वर्षं होईपर्यंत बाजूला ठेव. ठेंगू जातीला तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ येतं हे खरं. पण आपली बाणावली उंच जातीची आहे, एकदा धरली की पन्नास-साठ वर्षं देते, आणि तुझे माड भर वयात आहेत. उपाशी राहिलेल्या माणसाला अशक्त म्हणून घराबाहेर काढतात का? तीन वर्षांच्या नोंदीत जे चार-पाच माड सारखे मागे पडतील ते काढ, बाकीच्यांना हात लावू नकोस.

मिरीचं थोडक्यात सांगते. वेल तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळाला येतो. तू लावून फार तर दोन पावसाळे झाले. घोस दिसला असता तर मलाच आश्चर्य वाटलं असतं. नव्या पोफळींना पाच ते सात वर्षं.

इथेच आपल्या जुन्या लोकांचं मला फार कौतुक वाटतं. कुळागर लावणारा माणूस सात वर्षं वाट बघायचा, पण सात वर्षं उपाशी राहायचा नाही. पोफळीचं रोप लावलं की तिच्या बाजूला केळ लावायचा. कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही, विशेषतः दुपारनंतरचं नैर्ऋत्येकडून येणारं ऊन तिचं खोड करपवतं, म्हणून सावलीला केळ. आणि वर्षभरात त्या केळीचा घड बाजारात जायचा. केळ आवरेपर्यंत मिरी धरायची, मिरी भरात येईपर्यंत पोफळ धरायची, माड त्यांच्या वर. घरातल्या चुलीची सोय आधी आणि धीर नंतर, अशी ती रचना होती. तू मिरी लावलीस, पोफळ लावलीस, केळ लावली नाहीस. म्हणजे तू फक्त लांबची पिकं लावलीस आणि मग हाताशी काही येत नाही म्हणून तुझा जीव टांगणीला लागला. नव्या रोपांच्या नैर्ऋत्येला येत्या पावसात सालदाटी आणि रसबाळी लाव. थोडे मुनवे, म्हणजे केळीची पिल्लं, मागे ठेवून भाद्रपदाच्या सुमाराला लावलेस तर पुढच्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या बाजाराला घड मिळेल. चवथीला केळीला काय भाव येतो हे फोंड्याच्या माणसाला मी सांगायला नको.

आता तुझ्या पत्रातलं ते वीस तारखेचं वाक्य. मी ते दोनदा वाचलं. बाकी सगळ्यापेक्षा मला त्याची काळजी वाटते.

तू विचारतोस मी किती धीर धरू. पण या घरात दोन वर्षं धीर कोण धरतंय? तू कुळागरात उतरलास की निदान हाताला काम असतं, झाड दिसतं, संध्याकाळी अंग दुखतं तेव्हा काहीतरी केल्यासारखं वाटतं. ती पणजीला जाते, दिवसभर राबते, परत येते आणि पगार घरात घालते. ज्या गोष्टीसाठी घालते ती कधी पिकणार, हे तिला कोणीही सांगितलेलं नाही. तुला ‘थांब’ म्हणणारे बाबा तरी आहेत. तिने हा निर्णय घेतला होता का, की तू घेतलास आणि तिने मान डोलावली? दुसऱ्याच्या पगारावर आपण धीर धरत असलो तर त्याची मुदत त्या माणसाला विचारून ठरवायची असते.

म्हणून येत्या रविवारी तिच्याबरोबर बस. बाबांसमोर नको, दोघंच बसा. हे ४४ महिन्यांचं गणित तिला सांग. घरखर्च किती, तुझ्याकडून किती येतं, पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत किती येईल, हे कागदावर मांड. त्यात तूट दिसेल. ती कशी भरायची हेही तुझ्याकडे तयार असू दे. माझं म्हणणं असं, की जून ते सप्टेंबर कुळागराला पाणी द्यायचं नसतं. फवारणी, गटारं उपसणं, पडलेल्या झावळ्या ओढणं एवढी कामं असतात, ती सकाळच्या वेळात होतात. या चार महिन्यांत तुझ्या जुन्या कामातलं एखादं कंत्राट घरून घे. असं केलंस म्हणून कुळागराशी बेइमानी होत नाही. केळ जे काम करते तेच हे काम करील. आणि तिला विचार, त्या दिवाळीनंतर आकडे पटले नाहीत तर काय करायचं. तिचं उत्तर तुला आवडलं नाही तरी ते ऐकून घे आणि वहीत पहिल्या पानावर लिही.

सगळ्या गोष्टींना वेळ लागतो असं मात्र समजू नकोस. काही गोष्टींत आठवड्याचा उशीरही चालत नाही. पावसात सुपारी कुजवून गळवणाऱ्या कोळेरोगाचंच बघ. पोफळीच्या घडावर बोर्डोचं पहिलं फवारणं पाऊस लागायच्या आत, मे संपता संपता व्हायला हवं, आणि दुसरं त्यानंतर ४० ते ४५ दिवसांनी, मधली उघडीप साधून. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना, दोन्ही वेगळं भिजवून, प्लॅस्टिकच्या पिंपात, लोखंडी भांड्यात नाही. फवारणारे लोक मेच्या शेवटच्या आठवड्यात मिळत नाहीत, त्यांना आत्ताच सांगून ठेव. मृगाचा पाऊस अंगावर आल्यावर धावाधाव केलीस तर हिरव्या सुपारीचा सडा खाली पडलेला दिसेल, आणि त्यासाठी पुन्हा पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागेल.

काही वाट बघणं तर निव्वळ वाया जातं. तू विचारलं नाहीस, पण तुझ्या फोटोत उताराला भिरंडीची, म्हणजे कोकमाची, बियांची रोपं दिसतात म्हणून सांगते. भिरंडीत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. बियांपासून केलेल्या रोपांत जवळपास निम्मी नर निघतात, आणि कुठलं काय ते सात-आठ वर्षांनी फुलं आल्यावरच कळतं. जायफळीचंही तसंच. मादी झाडाचं कलम लावलं तर हा प्रश्नच राहत नाही आणि फळही लवकर येतं. जुन्या गोव्याला केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तुला तासाभराचा रस्ता नाही. तिथे जाऊन कलमांचं विचार. ही सात वर्षं तू धीराने काढलीस म्हणून कोणी तुझी पाठ थोपटणार नाही.

कागदपत्रंही थांबवून ठेवायची नाहीत. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कोणाचं नाव आहे ते तू लिहिलेलं नाहीस. बऱ्याच घरांत अजून आजोबांचं असतं. तसं असेल तर वकील गाठ आणि इन्व्हेंटरीचं, म्हणजे वारसांच्या वाटणीचं काम बाबा धडधाकट बोलताहेत तोवर सुरू कर. त्यांना माहीत असलेली नाती आणि सीमा नंतर कोणी सांगू शकणार नाही. कृषी कार्ड काढलं नसेल तर तेही काढ.

तुझ्याच तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर यांचं उदाहरण बघ. लहान वयात त्यांना कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांची तालीम मिळाली, ती काही महिन्यांतच तुटली. पुढे वझेबुवा, बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले, प्रत्येकाकडे थोडं थोडं शिकणं आणि पुन्हा खंड. अल्लादिया खाँसाहेबांची तालीम सुरू झाली ती १९२१ मध्ये, तेव्हा बाई तिशीला आलेल्या होत्या. म्हणजे साधारण तुझ्याच वयाच्या. नशिबाला येईल तेव्हा गुरू येईल म्हणून त्या घरी बसल्या असत्या तर आपल्याला त्यांचं नाव कळलं नसतं. एक दार बंद झालं की त्यांनी दुसरं ठोठावलं, आणि हवं ते दार उघडल्यावर मग वर्षानुवर्षं तिथून हलल्या नाहीत. तू बंगळुरू सोडलंस त्याला मी पळून येणं म्हणत नाही ते यासाठीच. टीम लीड झालेल्या मित्रांचे फोटो थोडे दिवस बघू नकोस. त्यांचं काम वेगळं, त्याचे महिने वेगळे.

बाबांबद्दल. ‘माडाक वेळ लागता’ म्हणून ते विषय संपवतात, याचा तुला राग आलेला दिसतो. मला वाटतं त्यांनाही बोलायला जड जात असेल. जे कुळागर त्यांनी राखलं ते त्यांच्या डोळ्यांसमोर तीन वर्षांत वाळलं आणि आता मुलगा त्याचा जाब विचारतोय, असं त्यांना ऐकू येत असेल. त्यांना ‘का कमी आला’ असं विचारू नकोस. एक खुर्ची घे, त्यांना धरून पहिल्या मळीपर्यंत ने, खाली उतरवायची गरज नाही, आणि विचार की हा माड कोणी लावला. कुठल्या माडाची आळी काढायची, कुठल्या माडाचं रोप करायचं, पाटाची कुठली फांदी आधी सोडायची, झरीचं पाणी कुठल्या महिन्यात आटतं. हे ते सांगतील. त्यांना ‘वेळ लागतो’ यापुढचं सगळं येतं, फक्त ते झाडापुढे उभं राहून आठवतं, जेवणाच्या टेबलावर आठवत नाही. जे सांगतील ते त्या माडाच्या पानावर लिही.

भावोजींना काय सांगायचं? आपल्या गोव्याच्या कायद्यात बहिणीचा वाटा तुझ्याएवढाच आहे, आणि आईबाबांच्या दोघांच्या सह्यांशिवाय ही जमीन कुठे जात नाही. म्हणजे द्यायची की नाही हे ठरवणं तुझ्या एकट्याच्या हातात नाही, आणि भावोजींच्या तर नाहीच. त्यांच्याशी भांडू नकोस. बहिणीशी बोल. तिला कदाचित पैशाची खरंच गरज असेल, आणि ती तुला सांगायला संकोचत असेल. व्हिलांचा प्रस्ताव तिच्या अडचणीतून आला असेल तर त्याचं उत्तर वेगळं शोधता येईल. निव्वळ हौसेतून आला असेल तर पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत थांबा म्हणून सांग. वही तिलाही दाखव.

ता. क. — सातव्या फोटोतल्या माडाच्या शेंड्यातल्या नव्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या त्रिकोणी तुटलेल्या आहेत. तो गेंड्या भुंगा आहे. आणि त्याच फोटोत माडाच्या बुंध्यापासून दहा पावलांवर तुझा शेणखताचा ढीग दिसतो. भुंग्याची अळी त्याच ढिगात वाढते. ही दोन कामं उद्यावर टाकू नकोस. आजच पाडेल्याला वर चढव, हुक असलेल्या तारेने गाभ्यातला भुंगा ओढून काढायला सांग आणि वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि दुप्पट वाळू मिसळून भर. ढीग उलटा, अळ्या वेचून मारा, कोंबड्यांना सोडा, आणि उरलेलं खत तिथून हलव. आजूबाजूच्या माडांचे शेंडेही बघून घे.